रविवारचा नारळ

कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला परवा पुन्हा फ्लेक्स लागला. आधी तिथे कुणाच्या तरी वाढदिवसाचा होता, त्याच्यावरच हा बांधलाय. त्यामुळे खाली जुन्या माणसाचे नुसते बूट दिसतात आणि वर नवा माणूस हात जोडून उभा. मधली कितीतरी वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही, प्रशासकावर कारभार चालला. फ्लेक्सवाले, ढोलवाले, फेटे बांधणारे सगळे बिचारे तेवढी वर्षं वाढदिवसांवर जगले. आता थंडी आणि निवडणूक एकदमच आल्या आहेत. सकाळी पवनेच्या पुलावर धुकं असतं, नदीतल्या जलपर्णीचा ओला वास पिंपळे गुरवच्या आमच्या गल्लीपर्यंत येतो. त्या धुक्यात प्रचाराच्या रिक्षाचा भोंगा आधी ऐकू येतो, रिक्षा मागून दिसते.

फ्लेक्सवर नावाच्या वर लाल अक्षरांत लिहिलंय, भावी महापौर. आमच्या शहरात भावी महापौर पुष्कळ. महापौराला आपण थेट मत देत नाही. आपण नगरसेवक निवडायचे, मग त्यांनी आपसांत महापौर ठरवायचा, त्यातही ते पद कोणासाठी राखीव निघतंय याची चिठ्ठी आधी निघायला हवी. पण चिठ्ठी निघायच्या आधी, निवडून यायच्या आधी, कधी कधी तर तिकीट मिळायच्याही आधी माणूस भावी महापौर होऊन बसतो. त्याला एक फ्लेक्स लागतो आणि खाली गोल फोटोंतले सात-आठ शुभेच्छुक. मी हे सगळं हसत सांगते खरी, पण ते दोन शब्द दिसले की मला सुदामभाऊ आठवतात आणि हसू तिथेच थांबतं.

सुदामभाऊ आणि आमचे हे भोसरीला एकाच कंपनीत, एकाच प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या मशीनवर होते. आम्ही लातूरकडचे, ते बार्शीचे. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा ते आमच्या समोरच्याच खोलीत राहायचे. त्यांची बायको बाळंतपणाला माहेरी गेली की जेवायला आमच्याकडे. मी केलेली आमटी खाऊन म्हणायचे, "वहिनी, तिखट लई झालंय, पर अजून वाढा."

पण सुदामभाऊंचं सांगायचं तर आधी आमचा गुरुवार सांगितला पाहिजे. वीज सगळ्यांना पुरावी म्हणून फार पूर्वी भागाभागातल्या कारखान्यांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले होते म्हणतात. आमच्या वाट्याला गुरुवार आला, आणि तो चिकटला तो चिकटलाच. जग रविवारी झोपायचं, आमची कॉलनी गुरुवारी. त्यात त्याच दिवशी दुरुस्तीसाठी म्हणून लाईट जायची. टीव्ही बंद, मिक्सर बंद, पंखा बंद. मग माणसं घरात थांबून करणार काय? सगळी गल्लीत. बायका गोधड्या धुवायच्या, पुरुष पायऱ्यांवर बसायचे, कुठेतरी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटली जायची. आणि गुरुवार पडला दत्ताचा वार. त्यामुळे निम्म्या घरांत त्या दिवशी मटण नाही. सुट्टीच्या दिवशी वरणभात खाऊन ढेकर देणारी कामगारांची वस्ती दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

पोरांच्या शाळा अर्थातच जगाच्या हिशेबाने चालायच्या. माझी मुलगी चौथीत असताना बाईंनी 'माझा रविवार' असा निबंध घातला. तिने लिहिलं, रविवारी माझे बाबा आणि आई कामाला जातात, मी कुलूप काढून जेवते आणि समोरच्या काकूंकडे बसते. बाईंनी खाली लाल पेनने शेरा मारला, विषय सोडून लिहिले आहे. मी तेव्हा वायरिंगच्या कंपनीत होते, दिवसभर गाड्यांच्या वायरींना टेप गुंडाळायची. ती वही बघून मला रडू आलं होतं. ह्यांनी ती वही शर्टात घातली आणि समोर जाऊन सुदामभाऊंना दाखवली. पुढच्या गुरुवारी सुदामभाऊ अंघोळ करून, भांग पाडून शाळेत गेले आणि बाईंना आमचा गुरुवार समजावून आले. बाईंनी शेरा खोडून 'छान' लिहिलं.

असेच ते पुढारी झाले. गुरुवारची एक सोय होती, सरकारी ऑफिसं त्या दिवशी उघडी असायची. रविवारवाल्यांना रेशनकार्डासाठी रजा टाकावी लागायची, आम्हाला नाही. पण आमच्यातल्या बहुतेकांना ऑफिसात शिरायचीच भीती. कोणत्या खिडकीवर जायचं, साहेबापुढे उभं राहून काय बोलायचं, कळायचं नाही. सुदामभाऊ मात्र दर गुरुवारी सकाळी दहाला प्लॅस्टिकची पिशवी घेऊन पायरीवर तयार. त्यात कॉलनीतल्या लोकांचे कागद. कोणाचा मीटर, कोणाचा जातीचा दाखला, कोणाच्या पोराचा शाळेचा प्रवेश. चार-पाच जणांना बरोबर घेऊन निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. स्वतःच्या सुट्टीचा एक दिवस, तोही त्यांनी कधी घरी काढला नाही. त्यांची बायको चिडायची आणि तिचं चुकत नव्हतं.

पुढे लोकांनीच त्यांना उभं केलं. पहिल्या निवडणुकीला नारळ कधी फोडायचा, हे आमच्या पायरीवर बसून ठरलं. ठरवायचं तरी काय होतं? गुरुवार. मैदानात उभं राहायला जागा नव्हती. बायका गोधड्या तशाच भिजत टाकून आल्या होत्या. दुसऱ्या वेळेलाही गुरुवारच. गाववाले, म्हणजे इथले मूळचे, ज्यांच्या जमिनीवर आमच्या खोल्या उभ्या राहिल्या, तोंडात बोट घालून बघत होते. बाहेरून आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या मागे एवढी माणसं कुठून आली म्हणून. आमची छाती उगाच फुगली होती. ते निवडून आले म्हणजे आपणच आलो, असं वाटायचं. तेव्हा ते खरंही होतं.

मग माणसाचं जे होतं ते झालं. ते वाईट झाले नाहीत, हे मी आधीच सांगते. लोक लगेच पैसे खाल्ले वगैरेवर येतात. मला ते ठाऊक नाही आणि ठाऊक नसलेलं मी बोलत नाही. ते वाकडला राहायला गेले, एवढंच. अठराव्या मजल्यावर. वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं होतं. त्यांच्या बाल्कनीतून मोटारी काडेपेटीएवढ्या दिसायच्या. तिथली सगळी माणसं कॉम्प्युटरवर काम करणारी, शनिवार-रविवार घरी. सुदामभाऊंच्या गाठीभेटी रविवारी, सोसायटीच्या मीटिंगा रविवारी, नातवाला बागेत न्यायचं तेही रविवारी. कंपनी सोडून त्यांना दहा वर्षं झाली होती. वार माणसाच्या अंगातून कसा हळूहळू निघून जातो, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. आमच्याकडे येणं कमी झालं. आले तरी गाडी चालू ठेवून, खिडकीतूनच, "वहिनी, बरं चाललंय ना?"

तिसऱ्या निवडणुकीला फ्लेक्स लागले, भावी महापौर. ह्या वेळी ती नुसती हौस नव्हती. त्यांचं नाव खरोखर चर्चेत होतं. पक्षाचे निरीक्षक प्रत्येकाच्या शुभारंभाला जाऊन गर्दी बघणार आणि वर कळवणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. एक प्रेस शॉपचा माणूस, बार्शीहून पत्र्याची पेटी घेऊन आलेला, महापौराच्या खुर्चीत बसेल, या नुसत्या कल्पनेने आमच्या ह्यांना झोप यायची नाही. मंगळवारी पेपरातून पत्रक आलं. गुळगुळीत कागद, मध्ये सुदामभाऊ, मागे सूर्य उगवतोय. प्रचाराचा भव्य शुभारंभ. शाळेचे मैदान. रविवार, सकाळी दहा.

मी ते दोनदा वाचलं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "अगं, रविवारी कोण येणार? सगळी कामावर."

"हो ना," मी म्हटलं.

"फोन कर त्याला. तुझं ऐकतो."

मी पोळ्या लाटत होते, लाटतच राहिले. मला राग आला होता. नारळाचा वार आमच्या पायरीवर ठरायचा, आणि आता आम्हाला पेपरवाल्याकडून कळत होता. प्रचाराचं काम पुण्याच्या कुठल्याशा एजन्सीला दिलंय, असं ऐकलं होतं. म्हटलं, असतील की आता त्यांच्याकडे सांगणारी माणसं. हे दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच करा. ह्यांना फोनवर बोलायला जमत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. गल्लीत प्रत्येक घरात ते पत्रक आलं होतं, प्रत्येकाने वार बघितला होता. नळावर बायका तेच बोलत होत्या. प्रत्येकीला वाटत होतं, कोणीतरी सांगेलच. आणि सगळ्यांच्या मते ते कोणीतरी म्हणजे मी.

त्या रविवारी मी कामावर एक सुट्टी टाकली. कशासाठी, हे मी बरीच वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगितलं. खरं एकच आहे. मी बघायला गेले होते.

सव्वासहाला कंपन्यांच्या बसेस नेहमीसारख्या आल्या आणि कॉलनी रिकामी करून गेल्या. हेही गेले, जाताना माझ्याशी बोलले नाहीत. दहाला मी मैदानावर पोचले. मैदानभर पांढऱ्या खुर्च्या आणि त्यांच्यावर सकाळचं ऊन. पुढे पाहुण्यांचे सोफे. पोह्यांच्या दोन मोठ्या कढया झाकून ठेवलेल्या. फेटे बांधणारे तिघे आले होते. बांधायला डोकी संपली तेव्हा त्यांनी हौसेने एकमेकांना बांधले. ढोलपथक मात्र जोरात होतं. माणसं म्हणाल तर पथकातली, मंडपवाले, कार्यकर्ते, वाकडच्या त्यांच्या इमारतीतली दहाबारा कुटुंबं, आणि आमच्या कॉलनीतले पेन्शनीतले म्हातारे. रात्रपाळीचे लोक घरी होते, पण ते खिडकीला चादर लावून झोपले होते.

साडेदहा झाले, अकरा झाले. कार्यकर्ते फोन कानाला लावून फिरत होते, कुठे आहात, निघालात का. मग मागच्या रांगांतल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, म्हणजे उरलेल्या भरलेल्या दिसाव्यात. ढोल वाजत असला की ते कळायचं नाही. ढोल थांबला की खुर्चीत खुर्ची घालायचा आवाज येत राहायचा. ड्रोनवाल्याला कोणीतरी जाऊन सांगितलं, वर नको नेऊ, खालूनच घे. पक्षाचे निरीक्षक सोफ्यावर बसून पाण्याची बाटली उघडत होते आणि लावत होते. थोड्या वेळाने उठले, पुढे चाकणला कार्यक्रम आहे म्हणाले आणि गेले. ते नारळाला थांबले नाहीत. त्यांच्या गाडीमागून धूळ उठली, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आपण काय केलं, हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.

सुदामभाऊ स्टेजवरून खाली आले आणि सरळ माझ्याकडे आले. पांढरे कपडे, डोक्याला भगवा फेटा, कपाळावर घाम.

"वहिनी, आपली माणसं कुठे आहेत?"

"कामावर."

"आज? रविवारी?"

रविवारी म्हटलं आणि ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर ते उतरताना मी बघितलं. सव्वासहाची बस, डबा, पंच करायचं कार्ड, सगळं त्यांना एका क्षणात परत आठवलं असणार. भाषासुद्धा परत आली.

"आईशप्पत," ते म्हणाले. "वहिनी, आज रविवार हाय की."

त्यांनी बाहीने घाम पुसला.

"तुमाला पत्रक आलं व्हतं न्हवं?"

"मंगळवारीच आलं."

"मग बोलला का न्हाई?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मी म्हणाले.

हे वाक्य मी चार दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. कधी एकदा बोलते असं झालं होतं. बोलून झाल्यावर मात्र बरं काही वाटलं नाही. ते माघारी वळले. मग फेटा नीट केला, वर गेले आणि समोर असलेल्या माणसांपुढे पूर्ण भाषण केलं. एक शब्द गाळला नाही. नारळ फोडला. खोबरं घ्यायला माणसं कमी पडली, म्हणून माझ्या हातावर तीन तुकडे ठेवले. मी ते पदरात बांधून घरी आणले. संध्याकाळी हे आले, खोबरं बघितलं आणि काही न विचारता हातपाय धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी मी त्याची चटणी केली. ती दोघांनाही संपवता आली नाही.

नगरसेवक म्हणून ते निवडून आले, आमची मतं कुठे जाणार होती? पण महापौर ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. ज्याच्या नारळाला त्याच्याच वस्तीतलं कोणी येत नाही, तो शहर काय सांभाळणार, असं वर बोललं गेलं म्हणे. पाच वर्षं त्यांनी कामं केली, आमच्या गल्लीची ड्रेनेज लाइनही त्यांनीच टाकली. तेव्हाही ते समोर उभे होते आणि मी आत. चहा पाठवला, स्वतः बाहेर गेले नाही. मग प्रशासक आला, मग सगळंच थंडावलं.

हे सगळं परवाचा फ्लेक्स बघून डोक्यात फिरत होतं, आणि काल, गुरुवारी दुपारी, दारात चपला वाजल्या. सुदामभाऊ. बरोबर कोणी नाही, गाडी दिसत नाही. केस पांढरे, हातात पिशवी. पायरीवर पूर्वी बसायचे तिथेच बसले. आमचे हे रिटायर झालेत, ते आतून धावत आले आणि त्यांच्याशेजारी बसून नुसते त्यांचा गुडघा थोपटत राहिले.

"आमची जागा आता बायकांसाठी राखीव झालीय," सुदामभाऊ म्हणाले. "सून उभी राहतेय. पोरगी हुशार आहे. पण इथलं कोणी तिला ओळखत नाही. शुभारंभालाच माणसं दिसली नाहीत, तर गाववाले तिला तिथेच संपवतील. माझं बघितलंय तुम्ही." मग पिशवीतून कागद आणि पेन काढलं. "म्हणून आधी तुमाला विचारायला आलो. नारळाला कोणता वार ठेवू?"

माझ्या हातात चहाचा ट्रे होता, तो मी खाली ठेवला. इतकी वर्षं साठवलेलं एकदाचं बोलून टाकलं. "भाऊजी, त्या वेळी मी सांगायला हवं होतं. मला माहीत होतं. रागापायी गप्प बसले."

ते हसले. "सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, ते मलाच सांगता येत न्हाई वहिनी. लई शहाणा झालो व्हतो तेव्हा. चहा द्या. वार सांगा."

मी तोंड उघडलं, गुरुवार म्हणायला, आणि गल्लीकडे बघितलं. गुरुवार होता आणि गल्ली रिकामी होती. बहुतेक दारांना कुलपं. कुठे गोधडी वाळत नव्हती, कुठे खलबत्ता वाजत नव्हता. गल्ली कधी अशी झाली, हे इथेच राहून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले. "विचारू." मी पायात चपला घातल्या, ते कागद घेऊन मागे, आमचे हे त्यांच्या मागे. शेजारची स्नेहल दारात उभी राहून केस पुसत होती. ती चाकणच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. तिला म्हटलं, तुला सुट्टी कधी असते गं? "फिरती आहे काकू," ती म्हणाली. "या आठवड्यात मंगळवार होती. पुढची मोबाइलवर येईल तेव्हा कळेल." सुदामभाऊंनी मंगळवार लिहिलं. पुढच्या घरातला पोरगा हिंजवडीला आहे, त्याच्या आईने सांगितलं, शनिवार-रविवार, पण तेव्हा तो असतो कुठे घरी. त्याच्या वरच्या मजल्यावरचा कॅब चालवतो. तो म्हणाला, गाडी काढली नाही तो दिवस सुट्टीचा. तीन घरं पुढे एका बाईला रविवार, तिच्या नवऱ्याला बुधवार. गुरुवार फक्त एका म्हाताऱ्याने सांगितला, आणि तो पाच वर्षांपूर्वी रिटायर झालाय.

गल्ली संपली तेव्हा कागदावर सगळे वार लिहून झाले होते. सुदामभाऊ विजेच्या खांबाला टेकले, त्या फ्लेक्सखाली. कागद माझ्यापुढे धरला.

"वहिनी, आता बोला. विचारतोय मी."

मी कागद हातात घेतला, वरून खाली वाचला, पुन्हा वाचला. मला खरंच माहीत नव्हतं.